गाडीतली पुढची जागा

धाकटी येणार म्हणून बाबांनी सकाळीच दाढी केली आणि तिथूनच थोरलीचं बिनसलं.

एरवी दाढीसाठी तिला त्यांच्या किती मागे लागावं लागे. "कुणाला दाखवायचंय?" म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. आज मात्र न सांगता न्हाणीत गेले, गालाला दोन ठिकाणी कापून घेतलं, कापसाचे बोळे लावून बाहेर आले आणि वर विचारतात, "तो निळा सदरा कुठे ठेवलास गं?"

निळा सदरा थोरलीनंच शिवलेला. त्याची घडीसुद्धा अजून मोडलेली नव्हती. 'एवढा चांगला कपडा घरात कशाला घालायचा' म्हणून तो कपाटात पडून होता, आणि आज एकाएकी घर चांगलं झालं होतं.

"देते," एवढंच ती म्हणाली. कपाटाचं दार मात्र जरा जोरात लागलं.

"दार मोडू नकोस," तिचा नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला. तो शाळामास्तर होता आणि घरातलं कुठलंही भांडण तो वर्गातल्या गोंगाटासारखं घ्यायचा, म्हणजे मान वर न करता. "दाराचा काय दोष?"

"मी काही बोलले का?"

"नाही ना. म्हणून तर दार बोललं."

गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. एकदा नाही, लागोपाठ, लग्नाला आल्यासारखा. बाबा खुर्चीतून असे उठले की गुडघ्यांचं दुखणं कुणी खोटंच सांगत होतं असं वाटावं.

धाकटी दूरच्या मोठ्या शहरात रुग्णवाहिका चालवायची. तिनं आता स्वतःची एक जुनी गाडी घेतली होती. पुढे दोन जागा, मागे एक अरुंद बाक आणि त्यामागे सामानाला ऐसपैस जागा. रजा मिळाली होती, आणि त्या रजेत ती बाबांना घेऊन डोंगरातून जाणार होती. बाबांनी ज्या रस्त्यावर उभी हयात बस चालवली, त्याच रस्त्यानं. या खिंडीतून त्या खिंडीत, पार पलीकडच्या टोकाला, जिथे त्यांची बस मुक्कामाला थांबायची तिथपर्यंत. बाबांनी निवृत्त झाल्यापासून हा एकच हट्ट धरला होता. थोरलीनं तो वर्षानुवर्षं ऐकला होता, आणि धाकटीनं तो एका फोनवर पुरा केला होता.

"बाबा, मी आणि तुम्ही! दोघंच. मजा करू," असं ती फोनवर म्हणाली होती. फोन मोठ्या आवाजावर होता, कारण बाबांना कमी ऐकू येतं अशी धाकटीची समजूत होती. बाबांना चांगलं ऐकू यायचं. ऐकू सगळ्यांनाच आलं. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या थोरलीलाही.

मी आणि तुम्ही. त्यात तिसरं कुणी बसत नव्हतं.

आता धाकटी दारातून आत आली ती वाऱ्यासारखी. डोक्यावर काळा चष्मा, पायात खेळाडूंचे बूट. बाबांच्या गळ्यात पडली आणि थोरलीच्या पाठीवर थाप मारली.

"काय ताई, वाळलीस की गं!"

"वाळले कुठली? आहे तशीच आहे."

"बाबा, निळा सदरा! कसले दिसताय! नवरदेव!"

बाबा लाजले. चक्क लाजले. "हिनं शिवलाय," असं ते आता म्हणतील म्हणून थोरली चहाचा कप हातात धरून क्षणभर थांबली. बाबा म्हणाले, "अगं, बस तरी. चहा घे. ब्रेक कसे आहेत गाडीचे?"

थोरलीनं कप टेकवला.

*

डोंगरातल्या रस्त्यांची या घरात एक रीत होती, आणि ती बाहेरच्या कुणाला सांगून पटली नसती.

बाबांची बस मोठी आणि रस्ते अरुंद. एकेका वळणाला सगळी रुंदी लागे. डोंगर चालवणाऱ्याच्या बाजूला आणि दरी शेजारच्याच्या बाजूला असली की वळणापलीकडचं आधी दिसतं ते शेजारच्याला. म्हणून बाबांच्या शेजारी बसणाऱ्यानं वाकून बघायचं आणि पलीकडे काही नसेल तर खणखणीत ओरडायचं, "मोकळं!" तो शब्द कानावर पडल्याखेरीज बाबा वळण कापत नसत. काही असेल तर "थांब!" या दोन शब्दांपलीकडे तिसरा शब्द बोलायचा नाही. गप्पा, गाणी, खाणं, सगळं सरळ रस्त्यावर.

बसमध्ये हे काम वाहकाचं होतं. घरच्या गाडीत ते थोरलीचं झालं. ती शाळेत होती तेव्हापासून. एकदा तिनं विचारलं होतं, "बाबा, मला शिकवा ना गाडी." ते म्हणाले होते, "तू शेजारी बस. तुझी नजर चांगली आहे. चालवायला कुणीही चालवतं." त्या एका वाक्यावर तिनं कितीतरी वर्षं काढली. शेजारी बसणं हा मोठा मान आहे असंच ती धरून चालली. मग धाकटी मोठी झाली, तिनं कुणाला विचारलंच नाही, किल्ली उचलली आणि अंगणातच कुंपणाला गाडी घातली. बाबा हसत सुटले. दुसऱ्या दिवसापासून तिला शिकवायला लागले.

चालवायला कुणीही चालवतं, तर मग ते एवढे हसले कशाला? हा प्रश्न थोरलीनं कुणाला विचारला नव्हता. तो तिच्यापाशी तसाच होता, चपलेत खडा राहावा तसा.

*

तयारी सुरू झाली आणि घरात पाऊल ठेवायला जागा उरली नाही.

थोरलीचा धंदा ताडपत्रीचा. बाहेरच्या खोलीत तिचं जड मशीन होतं. मालट्रकांवर टाकायच्या ताडपत्र्या, दुकानांच्या कनाती, झाकणं असलं ती शिवायची. गाडीच्या टपावर सामान बांधायचं तर त्यावर ताडपत्री हवी, आणि ती दुसरं कोण शिवणार?

"ताई, तुझ्यासारखी कुणाला जमत नाही," धाकटी म्हणाली. मनापासून म्हणाली, हे थोरलीला कळलंही. पण मन एकदा आंबलं की गोड शब्दही त्यात फुटतात. म्हणजे शिवायचं मी आणि फिरायचं हिनं, असं तिच्या मनात आलं आणि सुई जाड कापडात कच्चकन शिरली.

दोरा मेण लावून घेतलेला, टाके दुहेरी, कोपऱ्यांना जास्तीचं कापड, कडेनं पितळी कड्या. इतकी चांगली ताडपत्री तिनं गिऱ्हाइकाला कधी शिवली नसेल. राग असला की तिचं काम सुधारतं असं नवरा म्हणायचा.

गाडी गॅरेजात न्यायची होती. थोरलीही गेली, टपाचं माप घ्यायला. गॅरेजवाल्याला गावात सगळे पान्या म्हणत. तो बाबांच्या वेळचा. त्यानं गाडीखालून डोकं काढलं आणि धाकटीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू चालवणार? घाटात?"

"का? चेहरा बघून गाडी चढत नाही का?"

पान्या खो खो हसला. "बापाची जीभ घेतलीस! आणि ही मोठी काय करणार?"

"ताई येत नाहीये," धाकटी म्हणाली. "तिचं शिवणकाम असतं ना."

"मग शेजारी कोण? हाक कोण देणार?"

"बाबाच देणार. त्यांच्यापेक्षा तो रस्ता कुणाला जास्त माहीत आहे?"

पान्यानं मान डोलावली. "खरंय. म्हातारा डोळे मिटून सांगेल."

थोरली मोजपट्टी गुंडाळत होती. तिचा हात तिथल्या तिथे थांबला. मग तिनं पट्टी पुन्हा उलगडली आणि घेतलेलंच माप परत घेतलं.

कारण तिला जे माहीत होतं ते या दोघांना माहीत नव्हतं.

बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. नजर कडेकडेनं पुसत आली होती. समोरचं दिसायचं, तेही नळीतून पाहिल्यासारखं, पण बाजूचं काही नाही. गेली तेवढी नजर परत येणार नाही, उरली तेवढी सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा खोलीत बाबा आणि थोरली दोघंच होती. बाहेर आल्यावर जिन्याच्या कठड्याला धरून बाबा म्हणाले होते, "धाकटीला सांगू नकोस. तिला कळलं तर मला नेणार नाही." त्यांनी तिचा हात धरला. "मला शब्द दे." तिनं दिला. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांत थेंब तीच घालायची. धाकटीनं परवा विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "डोळे कोरडे पडतात गं, वयानं." आणि बाटली स्वतः घेऊन, आता जमायला हवं म्हणून, अर्धे थेंब गालावर सांडले.

दिलेला शब्द थोरलीला देवापुढच्या दिव्यासारखा होता. तो विझवायचा नसतो. पण त्या शब्दाच्या पाठीमागे दुसरंही काहीतरी दबा धरून होतं, आणि ते तिला चांगलं दिसत होतं. सांगितलं तर धाकटीला शेजारी नजर असलेलं माणूस लागेल. ते माणूस दुसरं कोण? आपणच. म्हणजे खरं बोलायचं आणि त्या खऱ्याचा लाडू आपणच खायचा. मग ते खरं राहिलं कुठे? तसं सांगणं तिच्या जिभेवर यायचं आणि तिथेच कडू व्हायचं.

सकाळी चहाआधी देवापुढे बसायचा तिचा नेम होता. त्या दिवशी ती हात जोडून बसली आणि मनात आलं ते असं, 'देवा, धाकटीची रजा रद्द...' तिनं दचकून डोळेच उघडले. मूर्तीकडे बघायची तिला लाज वाटली. उठून तिनं निरांजनाची वात सारखी केली, जशी काही चूक वातीचीच होती.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "मी फार वाईट बाई आहे का हो?"

"सकाळी सकाळी? चहाच्या आधी?" त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुला जायचंय का त्यांच्याबरोबर?"

"मला कुणी विचारलंय का?"

"मी विचारतोय ना."

"तुम्ही विचारून काय उपयोग? गाडी तुमची आहे का?"

मास्तरनं वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. या गणिताचं उत्तर पाठ्यपुस्तकाच्या मागे दिलेलं नव्हतं.

*

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी चाचणी फेरी. हाही बाबांचा नियम. सामान भरून, ताडपत्री बांधून, गाडी गावामागच्या खाणीच्या चढावर नेऊन आणायची. "रिकामी गाडी वेगळी आणि भरलेली वेगळी. दोघींचा स्वभाव जुळत नाही," ते म्हणायचे. मग आपल्या दोन मुलींकडे बघून मिशीत हसायचे, आणि त्यातली भरलेली कोण हे थोरलीला सांगावं लागत नसे.

"थोरले, तूही चल मागे बसून," बाबा म्हणाले. "ताडपत्री कुठे फडफडते ते ऐक. आतूनच कळतं."

झालं, म्हणजे फडफड ऐकायला का होईना, बोलावणं आलं. ती मागच्या बाकावर, बाबांच्या पाठीमागे, खिडकीला टेकून बसली. शेजारी गाद्यांची वळकटी, पायाशी पाण्याचा डबा. पुढे धाकटी आणि बाबा. दोघांची डोकी, दोघांचं हसणं.

"क्लच असा दाबतेस, जसं कुणाच्या पायावर पाय देतेयस," बाबा म्हणाले.

"तुमच्याच पायावर शिकलेय."

"हात मात्र माझा आहे हं. अगदी माझा."

थोरली ताडपत्री ऐकत होती. ताडपत्री हूं की चूं करत नव्हती.

चढ सुरू झाला. एका बाजूला खाणीची कापलेली भिंत, दुसऱ्या बाजूला उतार. पहिल्या वळणाला बाबांनी खिडकीची काच खाली घेतली, मान जराशी पुढे केली आणि ओरडले, "मोकळं!" आवाज जुनाच, बसमधला. धाकटीनं वळण सुरेख कापलं.

दुसऱ्या वळणाला थोरलीनं त्यांच्या मानेकडे पाहिलं. मान वळतच नव्हती. त्यांनी कान बाहेर लावला होता. ते इंजिनाचे आवाज ऐकत होते, आणि आवाज नाही म्हणून रस्ता मोकळा असं ठरवत होते. "मोकळं!" वळण उघडायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं. रस्ता खरोखरच मोकळा निघाला.

थोरली आता खिडकीला नाक लावून बसली. आपण हे बाबांसाठी करतोय, धाकटीसाठी करतोय, असं ती मनाला सांगत होती. पण मनाला ते पटत नव्हतं. एकदा चुकू दे. मोठं काही नको. एखादी गाय, एखादी ढकलगाडी. एकदाच चुकू दे म्हणजे मला काही बोलायला नको. हे तिच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं, आणि ते तिनं अडवलं नाही.

तिसरं वळण मोठं होतं.

"मोकळं!" बाबा म्हणाले.

धाकटीनं चाक फिरवलं, गाडी भिंतीच्या बाजूला घेतली, आणि त्याच क्षणी थोरलीला पलीकडून खाली येणारी सायकल दिसली. दोन्ही बाजूंना भरलेल्या टोपल्या, वर वाकलेला माणूस, पाय पेडलवर स्थिर. आवाज नाही, काही नाही.

"थांब!"

धाकटीचा पाय विचार करायच्या आधीच खाली गेला. वळकटी थोरलीच्या अंगावर आली, पाण्याचा डबा पुढच्या जागेखाली जाऊन आदळला. सायकलवाला भिंत आणि गाडी यांच्या फटीतून, खांदा घासत, निघून गेला. थोडं खाली जाऊन त्यानं एक शिवी दिली. ती मिळायलाच हवी होती.

धाकटीनं गाडी कडेला घेतली, उतरून चाकाखाली दगड लावला आणि परत आत येऊन बसली.

"बाबा, दिसला नाही?"

"ऊन आलं डोळ्यावर."

"बरं झालं ताई होती." तिनं श्वास सोडला. "मला वाटलं गेलाच तो."

"ऊन होतं गं. एकदम आलं." बाबा समोर बघत होते. मग मागे न वळता म्हणाले, "सांग की गं थोरले. ऊन होतं की नाही?"

थोड्या वेळापूर्वी थोरलीनं जे मागितलं होतं ते देवानं इतक्या पटकन, इतक्या जवळून दाखवलं होतं, की तिला आता काही मागायची भीती वाटत होती. हो म्हटलं तर शब्द राहत होता. बाबांचा मान राहत होता. आणि उद्या खऱ्या डोंगरात, खऱ्या दरीच्या कडेला, शेजारी कान लावून बसलेले बाबा.

"ऊन आपल्या मागे आहे, बाबा," ती म्हणाली. "पाठीवर आहे."

बाबांनी खिडकीची काच वर घेतली.

"त्यांना बाजूचं दिसत नाही," ती धाकटीला म्हणाली. "काचबिंदू आहे. ते थेंब त्याचेच आहेत."

धाकटी सावकाश मागे वळली. "आणि हे तू मला आत्ता सांगतेयस?"

"त्यांनी शब्द घेतला होता."

"शब्द? अगं, चालवणारी मी आहे! चार दिवस गाडीत सामान भरतेयस, कड्या ठोकतेयस, आणि एवढं सांगवलं नाही? तो माणूस मेला असता, ताई!"

"हिला यायचंय," बाबा एकदम म्हणाले. आवाज चिरका झाला होता. "म्हणून बोलतेय ही. पहिल्या दिवसापासून तोंड पडलंय हिचं. मला काही दिसत नाही असं वाटतं का? तेवढं दिसतं मला."

थोरलीला वाटलं, कुणीतरी भर बाजारात आपल्या डोक्यावरचा पदर ओढला. म्हणजे त्यांना दिसत होतं. सगळं दिसत होतं, तिचं तोंड, तिचं दार आपटणं, आणि तरी ते गप्प होते. आता राग यायला हवा होता, पण आलं ते रडू. तिनं ते गिळलं.

"हो," ती म्हणाली. "यायचंय मला. पोटात दुखतंय माझ्या, खरं आहे ते. दोघं हसता तेव्हा जळतं माझं. पण म्हणून तुमचे डोळे बरे आहेत असं होत नाही ना, बाबा."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "यायचं होतं तर बोलायचं ना. मी काय नाही म्हटलं असतं? मला वाटलं तुला घाट-बिट नकोसा झालाय."

"तू विचारलंस का?"

"मी बाबांना विचारलं होतं." धाकटी थांबली. "बाबा, मी विचारलं होतं ना, ताईलाही घेऊ का म्हणून? तुम्ही म्हणालात, नको, तिला काम असतं."

बाबा गुडघ्यावरचा सदरा चिमटीत धरून चुरगळत होते. निळा सदरा.

"ती आली असती," ते शेवटी म्हणाले, "तर मला पुढे बसू दिलं असतं का तिनं?"

थोरली कितीतरी वेळ त्यांच्या मानेवरच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, त्यांनी धाकटीला निवडलं. त्यांनी धाकटीला निवडलंच नव्हतं. ज्या मुलीला काही माहीत नव्हतं ती मुलगी त्यांनी निवडली होती. तिला बरं वाटायला हवं होतं. तसं थोडं वाटलंही, आणि मग वाटलं की हे बरं वाटणंही काही फार चांगल्या जातीचं नाही.

"मी डोळ्याशिवाय घाट चढणार नाही," धाकटी म्हणाली. आता तिचा आवाज कामावरचा होता, हलक्या मायेचा पण फाटे न फोडणारा. "आपण तिघंही जाऊ, नाहीतर कुणीच नको. तुम्ही सांगा, बाबा."

बाबांनी दाराची कडी चाचपली. ती बाजूला होती, म्हणून ती त्यांना चटकन सापडली नाही. थोरली हात पुढे करणार होती, पण तिनं तो आवरला. कडी सापडली. ते उतरले, गाडीला हात लावत लावत मागे आले आणि मागचं दार उघडून उभे राहिले.

"उतर," ते म्हणाले. "मागे बसायला मला वळकटी बाजूला करून हवी."

तिनं वळकटी सारली, पाठीशी उशी लावली. ते बसले. उशी मात्र त्यांनी काढून बाजूला ठेवली.

थोरली पुढे जाऊन बसली. चढ उतरताना डोंगर आता तिच्या बाजूला आला होता, तिला फारसं बघायचं नव्हतं, पण एका ठिकाणी रस्ता उलटा वळत होता. तिथे ती वाकली, नीट पाहिलं आणि म्हणाली, "मोकळं."

"उशीर केलास," मागून आवाज आला. "आधी सांगायचं असतं."

धाकटीनं आरशात पाहिलं आणि ओठ दाबले. थोरलीला हसू आलं नाही. तो आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता. गेले कितीतरी दिवस, कापडात सुई खुपसताना, भांडी आपटताना, हाच आवाज तिच्या स्वतःच्या पोटात होता. आता तो मागच्या बाकावर जाऊन बसला होता, आणि तिथे तो किती एकटा असतो हे तिला माहीत होतं.

*

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. तिला वाटलं होतं, तो आढेवेढे घेईल.

"जा बाई," तो म्हणाला. "तू नाही गेलीस तर रजाभर तुझं तोंड मलाच बघावं लागेल. त्यापेक्षा माझा स्वयंपाक मी करीन. करपला तर निदान आवाज नाही करणार."

"गिऱ्हाइकांचं काय?"

"त्यांना सांगीन, ताडपत्री डोंगरात गेली."

तिनं घाईघाईनं दोन साड्या, एक शाल, देवाची छोटी तसबीर आणि डोळ्यांचे थेंब घेतले. थेंब घालायला ती बाबांपाशी गेली तर बाबांनी बाटली धाकटीकडे दिली. "तू घाल," ते म्हणाले. "तुलाही शिकायला हवं." धाकटीनं थेंब घातले आणि पहिल्याच वेळी नेमके डोळ्यात पडले. "बघ," बाबा म्हणाले, "हात कसा स्थिर आहे हिचा."

थोरली चिमटीत कापूस धरून उभी होती. म्हणजे अजून होतंच. जागा मिळाली, तरी ते गेलं नव्हतं. ते जाईल असं तिला का वाटलं होतं कोण जाणे. तिनं मनातल्या मनात देवाला सांगितलं, बघ रे, आहे हे असं आहे, आणि कापूस धाकटीच्या हातात दिला.

सकाळी निघाले. मास्तर पायजम्यावरच गल्लीच्या तोंडापर्यंत आला, वर्गाला सोडतो तसा हात हलवला. पान्या गॅरेजच्या दारात उभा होता. पुढे थोरलीला बसलेली पाहून त्यानं भुवया उंचावल्या, मागे बाबांना पाहून खाली घेतल्या आणि काहीच विचारलं नाही. शहाणा माणूस.

गाव संपलं, शेतं संपली, रस्ता डोंगराकडे चढायला लागला. बाबा मागे गप्प होते. सरळ रस्ता असूनही गप्प. धाकटीनं एक विनोद केला, तो पडला. दुसरा केला, तोही पडला. तिनं थोरलीकडे पाहून खांदे उडवले.

बऱ्याच वेळानं मागून आवाज आला. "धाकटे, पाणी दे गं."

"बाबा, माझे हात चाकावर आहेत. पाणी ताईच्या पायाशी आहे. तिला मागा."

बाबांनी मागितलं नाही. गाडी चढत राहिली. इंजिनाचा आवाज जड झाला. थोरलीनं पाण्याची बाटली उचलून मांडीवर घेतली, पण मागे दिली नाही. मागितल्याशिवाय द्यायची सवय तिनंच त्यांना लावली होती.

"थोरले," बाबा म्हणाले. घसा खाकरला. "पाणी."

तिनं झाकण सैल केलं आणि मागे न बघताच हात लांब केला, कारण पुढे रस्ता वळत होता.